मिसरूड

"हे पन काढा," कानिफ म्हणाला आणि टॉवेलखालून एक बोट काढून त्यानं वरच्या ओठावर ठेवलं.

गोरक्षची कात्री हवेतच दोनदा वाजली नि थांबली. काष्टीचा बाजार भरलेला, दुकानातल्या बाकावर टेकायला जागा नाही. अशा दिवशी गोरक्ष गिऱ्हाइकाला दुसऱ्यांदा काही विचारत नाही. आज विचारलं.

"काय काढू?"

"मिसरूड."

चौदा वर्षांचं पोरगं. ओठावर कोवळी काळी रेघ. दुसऱ्या एखाद्यानं तिला रोज तेल चोळलं असतं. बाकावर बजरंगतात्या बसले होते. त्यांची दाढी कालच झालेली. ते दुकानात दाढीसाठी कमी आणि बातमीसाठी जास्त येतात. त्यांनी पेपर खाली घेतला.

"का रं, बाप गेला का तुझा?"

बाक हसला. बाप तिथंच, बाकाच्या टोकाला बसला होता. हनुमंत. तोही हसला, जरा उशिरा, आणि हसताना हात आपसूक मिशीकडे गेला. मिशी जाड, टोकं वर वळलेली. लग्नाच्या फोटोत हनुमंतच्या आधी तीच दिसते.

इकडे वडील हयात असताना कुणी मिशी सपाट करत नाही. पुण्याला शिकणारी पोरं करतात, पण गावी यायच्या आधी वाढवून येतात. गोरक्षच्या खुर्चीवरून तसा ओठ घेऊन उठलेल्याला रस्त्यात 'बाजार झाला का' असं कुणी विचारत नाही. 'कधी गेले' एवढंच विचारतात.

"गॅदरिंग हाय," कानिफ म्हणाला. "गौळन हाय मी नाचात. सर म्हनले..."

"गॅदरिंग जानेवारीतच झालं की," हनुमंत म्हणाला. "अन् औंदा तुला घेतलंच कुठं?"

ते खरं होतं. दरवर्षी गौळण कानिफच व्हायचा. नऊवारीत स्टेजवर आला की बाया दृष्ट काढत कानशिलावर कडाकडा बोटं मोडायच्या. यंदा सरांनी त्याच्या ओठाकडे एकदाच पाहिलं आणि दुसऱ्याचं नाव घेतलं.

एक खोटं पकडलं गेलं की माणूस दुसरं शोधतो. कानिफला सापडलं नाही. कान लाल झाले, आणि केस नुकतेच बारीक झाल्यामुळे तेही उघड्यावर पडले.

"ते माझं वाटत न्हाई," तो आरशाला म्हणाला.

"मंग काय शेजाऱ्याचं हाय?" तात्या म्हणाले.

बाक पुन्हा हसला. या वेळी हनुमंत हसला नाही. उठून खुर्चीजवळ आला आणि हळू बोलायचं म्हणून वाकला. तो हळू बोलायला लागला म्हणूनच बाकी सगळे गप्प झाले.

"काय चाललंय तुझं? काय पायजे तुला?"

"तुमीच म्हनता ना पप्पा," कानिफ म्हणाला. आवाज मधेच जाड झाला. त्यानं तो कसाबसा पुन्हा वर ओढला. "पोरगं आईच्या वळनावर गेलंय, समद्यांना सांगता. मंग तसंच ऱ्हाऊ द्या की तोंड. आईसारखं."

"बाईसारखं?"

कानिफ 'व्हय' म्हणाला नाही. 'न्हाई'ही म्हणाला नाही.

"ठावं न्हाई मला. आरशात बघवत न्हाई, येवढंच ठावं हाय."

आता कुणीच हसलं नाही. हसले असते तर बरं झालं असतं. हनुमंतला पोराच्या एक कानाखाली ठेवून बाहेर पडता आलं असतं. त्याचा हात पुन्हा मिशीकडे निघाला आणि छातीपाशीच अडखळला. पोरगं आता घरी जाणार असं धरून गोरक्षनं टॉवेलच्या गाठीला हात घातला.

"काढ," हनुमंत म्हणाला.

"हनुमंतभाऊ, तुमी असताना कसं..."

"मी मेलो असं समज."

त्यानं पायानं चपला चाचपल्या, बाहेर गेला आणि पायरीवर दुकानाकडे पाठ करून उभा राहिला.

गोरक्षनं वस्तऱ्यात नवं पातं घातलं. एवढ्याशा लवीला फेस लागत नाही, तरी त्यानं केला. सुतकातलं माणूस खुर्चीवर बसलं की बाकीच्यांनी त्याच्या तोंडाकडे बघायचं नसतं, अशी या दुकानाची रीत आहे. बाकावरच्यांनी माना खाली घातल्या. तात्याही पेपरात शिरले.

वस्तरा दोनदा फिरला. कानिफनं डोळे उघडले. आरशात ओल्या ओठांचा मऊ चेहरा होता, आणि त्याच्यामागे कोपऱ्यात, उन्हात, बापाची पाठ. ओठांची टोकं वर जायला लागली. पाठ हलली नाही. कानिफनं घाईघाईनं टॉवेल नाकापर्यंत ओढून घेतला.

"सोड टावेल," गोरक्ष हळूच म्हणाला. "तुरटी लावायची ऱ्हायलीय."

पोरगं टॉवेल सोडेना.