शेजारील आकृती

"शेवटच्या पानावर कबूलच केलंय हिने, सगळं पुस्तकांतून घेतलंय म्हणून. शून्य!" सरांनी बारावीतल्या मुलीचा निबंध ग्रंथपालबाईंच्या टेबलावर आपटला. रडवेली मुलगी दारातच थांबली. बाईंच्या तळपायाची आग मस्तकात गेली. कॉलेजच्या संशोधनात माहिती कुठून घेतली ते लिहायचं, हे वर्षभर घसा कोरडा करून त्यांनीच शिकवलं होतं. "सर, चोर कधी स्वतःहून पत्ता देतो का?" "फाटे फोडू नका. हा बघा पहिल्या नंबराचा निबंध! एकाही पुस्तकाचं नाव नाही, सगळं स्वतःच्या डोक्यातलं!" बाईंनी तो निबंध चाळला. मध्येच लिहिलं होतं, 'शेजारील आकृती पाहा'. शेजारी कोरा समास. त्यांनी कपाटातून पुस्तक काढून तेच वाक्य आकृतीसकट सरांपुढे धरलं. "निकाल लागलाय आता," सर पुटपुटले. बाईंनी पुस्तकावर तारखेचा शिक्का मारला. "सात दिवसांत परत करायचं. हिच्या गुणांसकट!"