लाल मफलरवाले पाहुणे

बर्फाने घाट बंद झाल्याचं रेडिओने सांगितलं तेव्हा व्लादेता एक बूट चढवून दुसऱ्याची नाडी बांधत होता. त्याने नाडी सोडली. मग पहिला बूटही काढला.

"देवाला डोळे आहेत म्हणायचे," चुलीपाशी बसलेली त्याची आई स्तामेना म्हणाली. आठवडाभर ती लेकाशी सुनेमार्फत बोलत होती, आज स्वतःच्या तोंडाने बोलली. "संत निकोलाचा दिवस, आपल्या घराण्याचा सण. आणि घरधनी पाहुण्यांना वाढायचं सोडून शहरात चेंडू बघायला निघालाय. घे आता!"

व्लादेता चेंडूसाठी निघाला नव्हता. गेल्या सणाला त्याचा मुलगा ओग्न्येन कामाचं निमित्त सांगून आला नाही, तेव्हा 'पुन्हा माझा उंबरा चढू नकोस' असं नातवाला फोनवर तिनेच सुनावलं होतं. पोरगंही तिच्याच रक्ताचं. नाही चढलं. तेव्हापासून बापलेक भेटायचे ते बास्केटबॉलच्या सामन्याला, निळ्या संघाच्या बाजूला. बोलायचे थोडंच, पण खांद्याला खांदा लागायचा. सोमवारी ओग्न्येन जर्मनीला कामाला जाणार होता. म्हातारीला हे कुणी सांगितलं नव्हतं.

त्याने फोन लावला. "येणं होत नाही रे. घाट बंद आहे."

"असू दे, बाबा."

"जेवलास?"

"जेवेन."

दोघांनीही फोन ठेवला नाही. मग तो आपोआपच तुटला.

दिवसभर व्लादेता अंगणातल्या वाटेवरचा बर्फ उपसत राहिला आणि वाट पुन्हा पुन्हा भरत राहिली. आत टेबल मांडलेलं होतं. मेणबत्ती, नक्षीचा पाव, गोड गहू, मांस चालत नाही म्हणून उपासाचे मासे, खापरात भाजलेला घेवडा. या दिवशी कुणाला आवतण द्यायचं नसतं. येईल तो पाहुणा. आज काळं कुत्रंही आलं नाही.

तिन्हीसांजेला दार वाजलं. सातआठ बाप्ये, भुवयांवर बर्फ, गळ्यात विरुद्ध संघाचे लाल मफलर. सामन्याला निघालेली त्यांची गाडी वळणावर रुतली होती. पुढच्या धिप्पाड टकल्याने व्लादेताची निळी टोपी पाहिली आणि मागे वळून म्हणाला, "चला रे. पुढचं घर बघू."

व्लादेता 'थांबा' म्हणाला नाही.

"कोण परत चाललंय?" आतून आवाज आला.

"आई, लालवाले आहेत."

"लाल असोत नाहीतर पट्ट्यापट्ट्यांचे. बूट झटका आणि आत या रे! आणि तू ती टोपी काढ. सणाच्या दिवशी दार अडवून उभा आहेस."

एकेकाने गोड गव्हाचा चमचा तोंडात घातला, छातीवर क्रुसाची खूण केली आणि बाकावर सरकला. व्लादेता त्यांच्या पाठीमागे उभा राहून पेले भरत होता. फावड्याने कंबर धरली होती.

"मालक, टेका की जरा," टकल्या म्हणाला. त्याचं नाव क्रस्मान.

"आज घरधनी बसत नसतो," स्तामेना म्हणाली. "तू खा. काटे बघून खा."

खाऊन झाल्यावर क्रस्मान चाचरला. "आजी, रागावणार नसाल तर... टीव्ही जरा लावला तर?"

सणाला त्या घरात टीव्ही कधी लागत नसे. स्तामेनाने भिंतीवरच्या संताकडे पाहिलं, मग पाहुण्याकडे. "पाहुण्याचा शब्द मोडता येत नाही. लाव रे."

लालवाले पुढे होते. खाल्ल्या अन्नाला जागून ते मिशीतल्या मिशीत हसत होते. एकाने टाळी वाजवली तर दुसऱ्याने त्याला कोपर मारलं. मग पडद्यावर निळ्यांची गर्दी दिसली आणि व्लादेताच्या हातातली बाटली तिथेच थांबली.

"तो माझा पोरगा."

"कुठला?" क्रस्मानने विचारलं.

"करड्या जाकिटातला. शेजारची रिकामी खुर्ची माझी." त्याने बाटली टेबलावर ठेवली. मग म्हणाला, "सोमवारी जर्मनीला चाललाय. कामाला. परत कधी येईल, देव जाणे."

पडद्यावर पुन्हा चेंडू आला.

स्तामेना उठली. हातात माशांचं ताट होतं ते तसंच घेऊन ती टीव्हीच्या पुढ्यात जाऊन उभी राहिली, नाक काचेला लागेल इतकी जवळ.

"कुठला? दाखव मला."

"गेला तो, आई. आता खेळ दाखवतायत."

"परत दाखवतील."

ती हलली नाही. तिच्या डोक्यावरच्या काळ्या रुमालाआड सगळा सामना झाकला गेला. बाकावरचा एक जण वाकून बघायला लागला, तर क्रस्मानने त्याच्या गुडघ्यावर हात ठेवला.

तेवढ्यात मोठा गलका उठला. लालांनी बास्केट केलं की निळ्यांनी, टेबलाभोवतीच्या एकालाही दिसलं नाही. कुणी विचारलंही नाही.