चुली विझवा

हायवेवर पेट्रोलचा टँकर उलटला, तशी सारी वाडी हंडे-कळशा घेऊन धावली. पोलीस पाटील सुगंधाबाईंनी दिवसभर एकेकाला मागं रेटलं, भरलेले हंडे तिथंच ठेवायला लावले, घरोघरच्या चुली विझवल्या.

अग्निशमनची गाडी फेस मारून गेली, टँकर उचलून नेला. बाई घरी आल्या तरी जिवाला थारा नव्हता. दिवा लावायला काडेपेटी उचलली आणि हात थबकला. वास घरातूनच येत होता.

मोरीत नवऱ्यानं पेट्रोलच्या दोन घागरी झाकून ठेवल्या होत्या.

"सगळे नेत होते. आपणच का मागं राहायचं?" तो पुटपुटला.

बाईंनी काडेपेटी कमरेला खोचली, दारं-खिडक्या उघडल्या, त्याला अंगणात ओढलं. मग भर गल्लीत उभ्या राहून ओरडल्या, "चुली पेटवू नका कुणी. पेट्रोल माझ्याच घरात आहे."