भंतेंची आई

भिक्खूचं चीवर घेतल्यापासून प्रसेनजित बनाबाईला 'उपासिका' म्हणायचा आणि ती पोटच्या पोराला 'भंते'. रीतच तशी. धम्मप्रचारासाठी तो जपानला गेला, तेव्हापासून दर रविवारी ती उंद्रीहून व्हिडिओ कॉल लावायची.

आज तो तिथल्या वृद्धाश्रमात एका म्हातारीला भात भरवताना दिसला. प्रत्येक घासाला म्हणत होता, "ओकासान."

"भंते, हे काय म्हनून राह्यले तुमी?"

"ओकासान म्हणजे आई. यांना काहीच आठवत नाही, उपासिका. मला त्यांचा मुलगा समजतात. 'आई' म्हटल्याशिवाय घास घेत नाहीत."

बनाबाईनं मोबाईल डोळ्यांजवळ नेऊन त्या म्हातारीकडे पाहिलं.



"भंते, मी सारं इसरून गेली, त मलेही माय म्हनसान का?"