दिवेलागणीचा बार

जमादारानं खुंटीवरची बंदूक काढली, तेव्हा धोंडाबाई भांडली, पण रडली नाही. सावळारामला तेच खटकलं. इंदापूरच्या कचेरीत खेटे घालून घालून त्यानं हा दिवस आणला, आणि बाईच्या डोळ्यात टिपूस नाही.

"जमादारसाहेब, हितं भर रानात आमी दोघी बायका," ती म्हणाली. "बावड्यापतोर हाक जात न्हाय. दरोडा पडला तर काय करायचं?"

"परवाना तुझ्या नवऱ्याचा होता, बाई. तो वारला. आता हुकूम ह्यांच्या नावाचा झालाय." जमादारानं दस्त्यावरचा नंबर ताडून पाहिला आणि बंदूक सावळारामच्या हातात दिली.

"दरोड्याचं कशाला भ्या?" सावळाराम मिशीतल्या मिशीत हसला. "मी थोरला दीर हाय की राखणीला."

"त्याचंच भ्या हाय, भावजी."

जमादारानं खोकून घेतलं, घोड्यावर टांग टाकली आणि तो निघून गेला.

बंदूक ठासणीची होती. दस्त्यावर गेल्या खंडेनवमीचं कुंकू तसंच्या तसं होतं, बंदुकीच्या घोड्याला झेंडूची वाळकी माळ. सावळारामनं माळ ओढून फेकली आणि कुंकू धोतराच्या सोग्यानं पुसलं. ह्याच बंदुकीनं त्याला पाचर मारली होती.

धाकटा भाऊ महिपती गेला, तेव्हापासून रोज दिवेलागणीला वस्तीवर एक बार व्हायचा. धडाम्! बावड्यातली माणसं म्हणायची, "धोंडाबाईनं दार लावलं." औंदा दरोडेखोरांनी नदीकाठच्या वस्त्या धुऊन नेल्या, पण पाटाकडच्या ह्या वस्तीकडं फिरकले नाहीत. सावळाराम एकदा संध्याकाळी बांध कोरायला आला होता. बार झाला तसा नांगर टाकून जे पळाला, ते चावडीपाशीच थांबला. गावानं महिनाभर हसून घेतलं.

बाई हुसकली की पाटाच्या पाण्यावरचा उभा ऊस त्याचा. मधे आड येत होती ती एवढी एक नळी.

"दिवस मावळायच्या आत बोचकी बांधा," तो गरजला. "न्हायतर मावळल्यावर मी येतो. संगं ही असंल."

परसाच्या दारात त्याची आई बसली होती, साखरबाई. थोरल्या सुनेशी पटेना म्हणून सावळारामनंच तिचं गाठोडं उंबऱ्याबाहेर ठेवलं होतं, ती धाकट्याकडं आली आणि इथलीच झाली.

"आई, तुझंबी आवर!"

"आँ? जेवलास का?" म्हातारी म्हणाली.

"ठार बहिरी झाली की ही! माझ्याकडं व्हती तवर पान पडल्यालं ऐकायची."

"हितं आल्यावरच झालं," धोंडाबाई म्हणाली. "तुमी काय इचारायला आला व्हता का कंदी?"

सावळारामनं त्या शब्दांवर थुंकल्यासारखं केलं आणि बंदूक खांद्यावर टाकून चावडी गाठली. तिथं त्यानं ती ह्याला दाखवली, त्याला दाखवली, मिशीला तेल लावावं तसं नळीला बाहेरून तेल लावलं. म्हस्कू त्याचा जोडीदार, पण तोंडाचा फाटका.

"सावळाराम, तू बार काढणार? तुझ्या लग्नात तुझ्या आज्यानं मांडवाम्होरं लोखंडी उखळीत दारू ठासून बार काढला, तर नवरदेव घोड्यावरनं खाली!"

चावडी खदाखदा हसली.

"त्यो आईचा बाप. बारामतीचं दारूकामवालं खानदान त्ये," सावळाराम तणतणला. "त्यांची पोरं पाळण्यात दारू हुंगत्यात. माझा काय संबंध? तू चल संगं, मग दावतो."

दिवस मावळला तसे दोघं वस्तीवर आले. बोचकी कुठंच बांधलेली नव्हती. धोंडाबाई दारात हाताची घडी घालून उभी. खुंटी रिकामी.

"अजून हितंच?"

"घर माझं हाय. कुठं जाऊ?"

"ह्येच्या म्होरं उभी ऱ्हाशील?" त्यानं बंदूक नाचवली.

"ऱ्हायलेच की. काढा बार. बघू द्या, दारूकामवाल्याचा नातू कसा काढतोय."

म्हस्कू फिस्सकन हसला. मग माघार कसली? सावळारामनं पिशवीतली दारू काढली, नळी उभी धरली, आणि आधी आतलं जुनं काही असलं तर बघावं म्हणून गज घातला. गज वीतभर गेला आणि अडला. त्यानं जोर लावला. पुन्हा अडला.

"भावजी, उलटी करून आपटा," धोंडाबाई गोडीत म्हणाली.

त्यानं उलटी करून आपटली. नळीतून वाळक्या चिखलाचं ढेकूळ पडलं. मग दुसरं. मग तिसरं. कुंभारीण माशीनं आत घर केलं होतं, घरावर घर, वर्षावर वर्ष. एका ढेकळातून मेलेल्या अळीची टरफलं वाऱ्यावर उडाली.

"आता रं?" म्हस्कू म्हणाला. "ह्या नळीतनं बार निघाल्याला किती दीस झालं असतील?"

सावळारामनं उत्तर द्यायला तोंड उघडलं.

धडाम्!

उसावरचे पक्षी भर्रकन उठले. म्हस्कू एक पायताण तिथंच सोडून बांधावरून गेला. सावळाराम जागच्या जागी खाली बसला. त्यानं धोंडाबाईकडं पाहिलं, तिच्या हाताची घडी सुटली नव्हती. त्यानं बंदुकीकडं पाहिलं, ती त्याच्याच मांडीवर होती.

घरामागून पांढऱ्या धुराचा लोट आला. धुरातून साखरबाई आली. तोंड काजळीनं माखलेलं, हातात लांब बांबू, बांबूच्या टोकाला जळता काकडा. पोराकडं तिनं बघितलंसुद्धा नाही. ती सुनेकडं वळली आणि कानाला हात लावून म्हणाली,

"धोंडे, वाजला का गं आजचा?"