दुसरी सुई

"दोन्ही सुया एकाच भोकातून न्यायच्या, पण दोऱ्यात सुई टोचू द्यायची नाही. टोचली, की टाका पुढे सरकत नाही आणि मागेही निघत नाही," आबा म्हणाले. चामडं शिवण्यात हयात गेलेल्या माझ्या वडिलांची डावी बाजू पक्षाघाताने निजवली होती. म्हणून दोऱ्याच्या एका टोकाची सुई माझ्याकडे होती, दुसऱ्या टोकाची त्यांच्या उजव्या हातात.

ही पिशवी पुरी झाली, की मी नागपूरला नोकरीवर रुजू होणार, असं ठरलं होतं. सामान बांधून दाराशी ठेवलेलं होतं.

"कॉलेजात हे शिकवलं नाही वाटतं?"

"तुम्हीच आरीला हात लावू दिला नाहीत, आबा. 'शिक आणि सूट यातून,' म्हणायचात."

ते हसले, आजारपणानंतर पहिल्यांदाच. त्या हसण्याने खोली उजळली, आणि माझ्याभोवती किंचित आवळलीही.

शेवटच्या टाक्यापाशी त्यांचा हात थबकला. दाराशी ठेवलेल्या सामानाकडे त्यांनी एकदा पाहिलं, आणि मग सावकाश, नीट नेम धरून, सुई माझ्याच दोऱ्यात खुपसली.

"चुकलं बघ पोरी. उसवायला हवं."

"होतं असं, आबा."

शेवटचा टाका तेवढा कापून भागलं असतं. मी कात्री घेतली आणि पहिल्या टाक्यापासून सगळी शिवण उसवली. मग दोन्ही सुयांत नवा दोरा ओवून एक त्यांच्या हाती दिली.

चामड्यातली भोकं तशीच उघडी होती, आमची वाट बघत.