अंत्ययात्रेला आलेली माणसं

माझ्या वडिलांच्या, आप्पांच्या अंत्ययात्रेला दीडशेसुद्धा माणसं नव्हती. तीन वेळा निवडून आलेला, तालुक्यात चार कारखाने आणलेला आमदार. आणि मागून चालत होते ते बहुतेक म्हातारे.

"कामं झाली की कोण विचारतं गं," मामा म्हणाले. माझ्याही मनात तेच होतं.

प्रवरेच्या घाटावरून परतताना मी सहादूकाकांच्या शेजारी बसले. तीस वर्षं त्यांनी आप्पांची गाडी चालवली होती.

"तुमच्या घरचं कुणी दिसलं नाही, काका."

"थोरला फॅक्टरीत, सून पॅकिंगला. दोघांची पयली पाळी हाय. सांजच्याला येत्याल तुमच्याकडं."

"एक दिवस सुट्टी नाही मिळाली?"

"मागितली असती तर मिळाली असती की." काकांनी गिअर बदलला. "तू शाळंत हुतीस तवा आदले आमदार गेले, दादासाहेब. आप्पांचे गुरूच ते. त्यांच्या मयतीला रस्त्यावर पाय ठिवायला जागा न्हवती. लोक म्हनत हुते, मरन यावं तर असं. आन् आप्पा गाडीत येऊन बसले ते रडायलाच लागले. मला वाटलं, गुरूसाठी रडत्यात."

"मग?"

"मला म्हनले, सहादू, मंगळवारी सकाळी अकरा वाजता एवढी तरणी पोरं मोकळी हायेत रे."